केमोला दाद न देणारा कॅन्सर आणि व्हॉट्सॅपवरचं 'नॅनो औषध'

म्हणजे तुमच्या आत्याला ओव्हरीचा कॅन्सर, केमो संपून चार महिन्यात परत आला, डॉक्टर म्हणाले रेझिस्टंट झालाय, म्हणजे केमोला दाद देत नाही, आणि व्हॉट्सॅपवरचा व्हिडिओवाला म्हणतोय पॉलिमरच्या (प्लॅस्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थाच्या) नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कणांनी बरा करतो, आधी ॲडव्हान्स पाठवा. मी डॉक्टर नाही, इथं सोलापुरात फार्मसी कॉलेजला शिकवतो, पण एम.फार्म.चा माझा प्रोजेक्ट ह्याच कणांवर होता.

कल्पना खोटी नाही बघा. काही कॅन्सर पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, १९७६ ला सापडला, औषध आत शिरायला लागलं की धरून बाहेर फेकतो. तेच औषध कणात भरलं तर पेशी अख्खा कण गिळते, आवरणावरच्या पंपाला पत्ता लागत नाही आणि औषध खोल आत जाऊन सुटतं. सुटल्यावर पंप परत धरू शकतो म्हणा, म्हणून काहीजण कणात औषधासोबत पंप अडवणारा पदार्थ पण घालतात.

मी पीएलजीए वापरायचो, आपोआप विरघळणारे टाके असतात ना त्याच घराण्यातलं पॉलिमर, अंगात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होऊन निघून जातं. पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवायचं, ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं, ॲसिटोन उडून गेला की कण मागे राहतात, साधारण १५० नॅनोमीटरचे, केसाच्या जाडीत पाचशेच्या वर मावतील एवढे. जमलं की पाणी घातलेल्या दुधासारखं निळसर दिसतं. माझ्या पहिल्या बॅचला कण वेगळे ठेवणारं पीव्हीए कमी पडलं, सकाळी बघतोय तर तळाला पांढऱ्या गुठळ्या, सर म्हणले ताक फाटलं की रे.

आता कडू भाग. इंजेक्शन दिलं की बरेचसे कण लिव्हर आणि प्लीहाच गिळून टाकतात. २०१६ ला प्राण्यांवरच्या आधीच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा निघाला, त्यात गाठीपर्यंत पोचलेले कण दिलेल्या डोसच्या साधारण ०.७ टक्के. उंदरात चाललेलं माणसात अडकतं त्याचं हे एक कारण मानतात.

आणि रेझिस्टन्स म्हणजे फक्त पंप नव्हे. आत्यांना कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमचं केमो औषध दिलं असणार, ते काही ह्या पंपाचं खास गिऱ्हाईक नाही, पॅक्लिटॅक्सेल आणि डॉक्सोरुबिसिन ही दुसरी केमो औषधं आहेत. प्लॅटिनमच्या केमोनंतर सहा महिन्याच्या आत परत आला तर त्याला प्लॅटिनम रेझिस्टंट म्हणतात. त्यात लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन खरंच देतात. ते पण नॅनोच, पण कण चरबीचा, पॉलिमरचा नाही. पॉलिमरच्या मायसेलमधलं (रेणू एकत्र येऊन झालेल्या बारीक गोळ्यातलं) पॅक्लिटॅक्सेल दक्षिण कोरियात वापरात आहे. पण ह्यातलं कुठलंच 'बरा करतो' म्हणून देत नाहीत.

त्यामुळे आत्यांच्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा की लायपोसोमचं डॉक्सोरुबिसिन त्यांना चालेल का, हार्ट बघून ठरवतात ते. आणि कुठं ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी, चालू आहे का ते बघायला सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, नेटवर फुकट बघता येते, व्हिडिओवाला ट्रायल म्हणत असेल तर त्याला तिथला नंबर मागा. ॲडव्हान्स पाठवू नका, पाठवून झाला असेल तर आजच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.