वाचक विचारतात: मीटरला रेंज का मिळत नाही?

प्रश्न: गावात स्मार्ट मीटर उन्हाळ्यात बसले. मे-जूनमध्ये सगळ्यांचे रीडिंग जात होते. दसऱ्यापासून वावरातल्या डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) मीटर आणि त्यापलीकडच्या वस्तीतली काही घरे गायब होतात. मीटर बदलून पाहिला, फरक नाही. बिघाड नेमका कुठे?
(दारव्हा तालुका, यवतमाळ)

मीटर बिचारा ठीक आहे. मे महिन्यात वावर मोकळे होते, आता मध्ये तूर उभी आहे.

तुमच्या वर्णनावरून ही 'मेश' पद्धत दिसते. यात प्रत्येक मीटर शेजारच्या मीटरचे रीडिंग पुढे ढकलतो. शेवटी ते गावातल्या एखाद्या खांबावरच्या कॉन्सन्ट्रेटरकडे, म्हणजे रीडिंग गोळा करणाऱ्या पेटीकडे जाते आणि तिथून सिमकार्डावरून कंपनीच्या सर्व्हरवर. आपल्याकडे अशा यंत्रांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पऱ्हाटी किंवा तुरीची ओली पाने तिला चांगलीच शोषतात.

हिशेब करून पाहू. मीटरचा ट्रान्समीटर १०० मिलिवॅटचा, म्हणजे २० डीबीएम धरला (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचे माप, जितके उणे तितका संकेत क्षीण). डीपीची पेटी जमिनीपासून दीड मीटरवर, कॉन्सन्ट्रेटरचा अँटेना सहा मीटरवर आणि मधले अंतर एक किलोमीटर. मोकळ्या सपाट वावरात जमिनीवरून परतणारी लहरही धरली, तर वाटेत साधारण १०१ डेसिबल जातात आणि पलीकडे उणे ८१ डीबीएम पोहोचतात. पत्र्याच्या पेटीचे १५ वजा करा: उणे ९६. रिसीव्हरला उणे १०५ पर्यंत ऐकू येते असे धरले, तर हाती उरतात फक्त ९ डेसिबल. ऑक्टोबरात पाच-सहा फुटी तूर ते सहज खाते, आणि पेटीही त्याच उंचीवर आहे. अशा जोडणीत निदान १० ते १५ डेसिबल शिल्लक ठेवायला हवेत, तेही उभ्या पिकात मोजून. उन्हाळ्यात रेंज मोजणारा कंत्राटदार मोकळ्या वावराचा आकडा लिहून जातो.

उपाय उंचीचा. कोणत्याही एका टोकाची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबल मिळतात. तेवढ्यासाठी ट्रान्समीटरची शक्ती चौपट करावी लागली असती. म्हणून सहा मीटरवरचा अँटेना पाण्याच्या टाकीवर, बारा मीटरवर न्या, मात्र कॉन्सन्ट्रेटरही त्याच्याजवळच ठेवा. पेटी खाली ठेवून वर लांब केबल नेली, तर आरजी-५८ सारखी बारीक केबल या वारंवारितेला मीटरमागे अंदाजे अर्धा डेसिबल खाते. बारा मीटर केबल म्हणजे मिळवलेले सहाच्या सहा गेले. अँटेना उभाच बसवा आणि लोखंडी खांबापासून एक लहरलांबी, म्हणजे ३५ सेंटिमीटर तरी बाजूला. जोडावर रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. आत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. हे न केल्यास पहिल्याच पावसाळ्यात जोडावर हिरवा गंज चढतो आणि मग दोष पुन्हा मीटरच्या माथी येतो.

वस्ती गायब होण्याला पिकाशिवाय दुसरेही कारण असू शकते. वावरातली डीपी शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असते आणि तो पाळीने चालतो. पाळी संपली की त्या मीटरचा रेडिओ बंद पडतो. वस्तीची वाट त्याच्यावरून जात असेल, तर घरात लाइट असूनही घरे दिसेनाशी होतात. अशा प्रत्येक घराला निदान दोन स्वतंत्र वाटा हव्यात, आणि मधला रिपीटर (संकेत पुढे पाठवणारे यंत्र) गावठाण फीडरवरच बसवायला हवा. ओळखणे सोपे: आठवडाभराच्या गैरहजेरीच्या वेळा लिहून काढा आणि फीडरच्या वेळापत्रकाशी जुळवा. जुळल्या तर वीज, पाऊस-दवानंतर वाढल्या तर पीक. बंद काळातल्या नोंदी मीटरच्या स्मृतीत राहतात, वीज आल्यावर मागे जाऊन वाचता येतात.

प्रश्न: आमच्या मीटरमध्ये सिम आहे. घरात मोबाइलला पूर्ण रेंज, तरी मीटर ऑफलाइन! रिचार्ज केल्यावरही लाइट उशिरा येते.
(हिंगणघाट तालुका, वर्धा)

तुमच्या मोबाइलची कंपनी आणि मीटरच्या सिमची कंपनी एकच असेल असे नाही. मीटरचे सिम यंत्रांसाठीचे, १३ अंकी क्रमांकाचे असते. शिवाय तुम्ही फोन घेऊन ओसरीत येऊ शकता, मीटर भिंतीवरच राहतो, तोही लोखंडी पेटीत. वीज पुन्हा जोडण्याचा आदेशही त्याच वाटेने येतो, म्हणून उशीर.

तपासणीला आलेल्या माणसाला पेटीचे झाकण बंद असताना आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरच्या संकेताच्या ताकदीचा आकडा दाखवायला सांगा. उणे ९५ च्या आसपास असेल तर ठीक, उणे ११० च्या खाली गेला तर भरवसा धरू नका. झाकण उघडताच आकडा १० ने वर चढला, तर पेटीच अडवते आहे: पॉलिकार्बोनेटची पेटी किंवा बाहेरचा अँटेना मागा. पेटीला सील असते, त्यामुळे स्वतः हात लावू नका. दोन्ही करून जमले नाही तर दुसऱ्या कंपनीचे सिम किंवा एनबी-आयओटी (यंत्रांसाठीची मोबाइल सेवा) मॉड्यूल. हे मॉड्यूल जुन्या जीपीआरएसपेक्षा सुमारे २० डेसिबल क्षीण संकेतावरही काम करते, पण जवळच्या टॉवरवर ती सेवा चालू असली तरच.

प्रश्न: ग्रामपंचायतीने नळांना लोरा पद्धतीचे बॅटरीवाले मीटर घेतले. दहा वर्षे चालतील म्हणाले होते. काही मीटर फार लवकर संपतील असे आता सांगतात.
(सिंदेवाही तालुका, चंद्रपूर)

लोरा ही कमी विजेत दूरवर माप पाठवणारी रेडिओ पद्धत. तिच्यात जवळचा मीटर भराभर बोलतो आणि दूरचा शब्द ताणून बोलतो. किती ताणायचे ते सांगणारा आकडा म्हणजे एसएफ. तेच २० बाइटचे माप एसएफ ७ वर सुमारे ७२ मिलिसेकंदांत जाते, एसएफ १२ वर १.८ सेकंद लागतात, म्हणजे पंचवीसपट. पाठवताना १०० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर एसएफ १२ वर दर तासाला पाठवणारा मीटर वर्षाला सुमारे ४४० मिलिअँपिअर-तास खातो आणि एसएफ ७ वरचा १८ च्या आत. २,४०० च्या सेलवर पहिला पाच-साडेपाच वर्षांत संपेल, तेही सेलची स्वतःची झीज सोडून.

सर्व्हरवरून मीटरनिहाय एसएफची यादी मागवा. बहुतेक मीटर ११ किंवा १२ वर असतील, तर गेटवे (मापे गोळा करणारी पेटी) चुकीच्या जागी किंवा खाली बसला आहे. तुमच्याकडच्या झाडीत तर उंचीला पर्याय नाही. तोवर नळाचे माप तासाऐवजी दिवसातून दोनदा पाठवले तरी बिलाला काहीच अडत नाही.

प्रश्न: या लहरींमुळे मीटर पळतो का?
(मोर्शी तालुका, अमरावती)

नाही. मोजणारा भाग वेगळा, पाठवणारा वेगळा. शंका असेल तर घरातले सगळे बंद करून १,००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत बुडवून लावा. मीटरवर ३,२०० इम्प/केडब्ल्यूएच, म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुकी, असे लिहिले असेल, तर लाल दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी. पाण्याला हात लावण्याआधी प्लग काढा.