जमिनीखालच्या खाणीत खोदकामाचा आकार कसा मोजतात? आत तर जीपीएस चालत नाही ना?

नाही चालत. मी मूळचा नागपूरचा, काही वर्षं राजस्थानात जस्ताच्या भूमिगत खाणीत सर्व्हेला होतो, त्यामुळे तिथलंच सांगतो.

आधी वरचे कोऑर्डिनेट्स खाली न्यावे लागतात. जुनी पद्धत म्हणजे शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीतून, दोन तारा सोडायच्या, खालची वजनं तेलाच्या ड्रममध्ये बुडवायची म्हणजे हेलकावे कमी होतात, आणि त्या तारांवरून खालची दिशा काढायची. मग छतात ठोकलेल्या पॉइंटांवरून ओळंबा सोडत टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, पुढे पुढे सरकायचं. ड्राइव्हचं, म्हणजे बोगद्याचं माप त्यातच होऊन जातं.

खरी पंचाईत स्टोपची. खनिज काढल्यावर जी मोठी पोकळी उरते ना, ती. छताला काही आधार नसतो, दगड कधी सुटेल नेम नाही, म्हणून आत कुणी जायचंच नाही आणि नेमकं तिथलंच माप सगळ्यांना हवं. समजा 25 मीटर उंच, 20 मीटर लांब भिंत ठरल्यापेक्षा अर्धा मीटर जास्त फुटली, झाले 250 घनमीटर, घनमीटरला 2.8 टन धरले तर 700 टन नुसता दगड खनिजात मिसळला, तो वर ओढा, दळा, खर्च तेवढाच आणि हातात काही नाही.

त्यासाठी सीएमएस, कॅव्हिटी मॉनिटरिंग सिस्टिम, मूळ कॅनडाची. लांब दांड्याच्या टोकाला लेझरचं डोकं असतं, आपण सपोर्ट असलेल्या छताखाली थांबून दांडा आत सरकवायचा. डोकं गोल फिरतं, फेरी झाली की कोन थोडा बदलून पुन्हा फिरतं, हजारो पॉइंट मिळतात. पण लेझर सरळच जाणार, भिंतीचा फुगवटा आला की त्यामागचं दिसत नाही, मग वरच्या लेव्हलवरून परत लावा.

आणि लेझर कितीही भारी असो, दांडा कुठे आहे हे आपल्यालाच सांगावं लागतं. त्यासाठी दांड्यावर दोन प्रिझम असतात, टोटल स्टेशनने नेम धरायच्या काचा; मी एकदा त्या दोघांची रीडिंग उलटसुलट भरली, स्क्रीनवर अख्खा स्टोप मागे फिरला आणि आम्ही ज्या ड्राइव्हमध्ये उभे होतो तिच्यावरच येऊन बसला 😅 बरं झालं चूक इतकी मोठी होती, एक-दोन अंशांची असती तर तसाच प्लॅन गेला असता वर.

आता ड्रोनवर स्कॅनर लावून आत सोडतात, ऑस्ट्रेलियातलं हॉवरमॅप त्यातलंच, भिंती बघत बघत स्वतःची जागा ओळखतं, फुगवट्यामागेही जातं. आमच्या वेळी हे नव्हतं, आमचा निम्मा वेळ काचेवरची धूळ पुसण्यात जायचा आणि ती गमछ्याने पुसू नको यावरून हेल्परशी रोजची वादावादी.