घरच्या घरी गाडीचं काम करायला कोणता रॅचेट आणि गोटी सेट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरी एक स्प्लेंडर आणि एक स्कूटर आहे, शेतात वडिलांचा ट्रॅक्टर आहे आणि आजवर दहा-अकरा, बारा-तेराच्या पान्यांवर भागवलं. आता ऑनलाइन ४६ नगांचा डबा दिसतोय, त्यातल्या रॅचेटला म्हणे ७२ दात. गावातला हार्डवेअरवाला मात्र म्हणतो, ‘ते खेळणं कशाला, अर्धा इंची सेट घेऊन टाका.’ कुणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धं ऐका. आणि पैसे आधी गोट्यांवर, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या सॉकेटवर घाला, त्या फिरवायच्या हँडलचं, रॅचेटचं, नंतर बघू.

मी मेकॅनिक नाही. लातूरला एका शाळेत लिपिक आहे, गाव औसा तालुक्यात, तिथं थोडी कोरडवाहू जमीन. पण गेली चौदा-पंधरा वर्षं इंजिन उघडायचं काम सोडलं तर माझी स्प्लेंडर गॅरेजला गेलेली नाही. या नादात जे जे मोडलं, त्यावरून लिहितोय.

गोटीच्या पाठीला चौकोनी भोक असतं, त्यात हँडलचा खुंट बसतो. त्या चौकोनाची तीन मापं आपल्या कामाची: पाव इंच, तीन सूत आणि अर्धा इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळं तीन सूत म्हणजे ३/८. ऑनलाइन शोधताना ३/८ टाका, दुकानात तीन सूत म्हणा. तुम्हाला दिसलेला ४६ नगांचा डबा पाव इंची आहे, हार्डवेअरवाला अर्धा इंची देतोय. ही एकाच कामाची स्वस्त आणि महाग अशी दोन हत्यारं नाहीत. दोन्हीची कामंच वेगळी आहेत.

स्प्लेंडरच्या इंजिनाच्या कव्हरला जे बारके बोल्ट असतात ते ६ मिमी जाडीचे. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या अशा बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन मीटर (हे पीळ मोजायचं माप) एवढाच पीळ द्यायचा असतो. आता अर्धा इंची रॅचेटचं हँडल पाव मीटर लांब धरा. त्याच्या टोकाला पाच किलोची ओढ दिली की १२ न्यूटन मीटर पुरे झाले. पाच किलो म्हणजे बाजारातून आणलेली कांद्याची पिशवी. हाताला तेवढी ओढ कळतसुद्धा नाही. आपण सवयीनं वर ‘अजून जरासं’ करतो, आणि ते ‘जरासं’ दहा किलोचं असतं.

माझं असंच झालं. क्लचच्या कव्हरचे बोल्ट आवळत होतो. सहावा की सातवा बोल्ट घट्ट होत होत आला आणि मग एकदम मऊ लागला, लोण्यात सुरी जावी तसा. त्या वेळी हात थांबवायला पाहिजे होता, कारण तो मऊपणा म्हणजे बोल्ट ताणला जात असतो. मला वाटलं अजून बसतोय. कट्कन डोकं गोटीत आलं आणि उरलेला बोल्ट कव्हरच्या आत राहिला. तो काढायला लेथवाल्याकडं अर्धा दिवस गेला. त्यानं पैसे घेतले ते घेतलेच, वर विचारलं, ‘मालक, ह्याला काय बैलानं ओढलालाव का?’

तेव्हा ८ आणि १० च्या बोल्टांना (हे माप डोक्याचं, मिमीत, जाडीचं नाही) पाव इंची छोटं हँडलच बरं. ते आखूड असल्यामुळंच हाताला शिस्त लागते. या कामापुरता तुमचा ४६ नगांचा डबा वाईट नाही. फक्त ‘४६’ या आकड्याला भुलू नका. असे बहुतेक डबे मी उघडून पाहिलेत. गोट्या निघतात तेरा, ४ पासून १४ पर्यंत. बाकी सगळे स्क्रूचे आणि अॅलनचे बिट, एक टी हँडल, एक-दोन एक्स्टेन्शन (हँडल आणि गोटीच्या मधली कांडी) आणि एक युनिव्हर्सल जॉइंट (वाकता सांधा). त्या तेरातल्या साडेचारच्या गोटीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि त्यातली १४ ची गोटी पाव इंची हँडलवर लावून कुणी मोठा नट सोडवायला गेला, तर आधी हँडल वाकतं.

आता दातांचं. रॅचेटच्या आत एक दातेरी चक्र असतं आणि त्याला अडवणारा एक खटका. हँडल मागं आणताना खटका दातांवरून घसरतो, तोच तो कर्रकर्र आवाज. ३६० ला दातांच्या संख्येनं भागलं की हँडल किती अंश मागं आणावं लागेल ते कळतं. २४ दात असतील तर १५ अंश, ७२ असतील तर ५ अंश. अंश डोळ्यांसमोर येत नसतील तर असं बघा: पाव मीटर हँडलच्या टोकाला २४ दातांना साडेसहा सेंटिमीटर हालचाल लागते, ७२ ला सव्वादोन. स्कूटरचं प्लास्टिक, ट्रॅक्टरच्या बॅटरीमागची फट, अशा ठिकाणी हा फरक खरंच जाणवतो. मोकळ्या जागेत, म्हणजे मागच्या चाकाला किंवा खालच्या ऑइलच्या बोल्टला, शून्य फरक.

पण दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो. चांगल्या कंपनीचा खटका एका वेळी बरेच दात पकडतो, म्हणून त्यांचे ७२ दातही ताकद घेतात. स्वस्तातल्या मालात नुसते दात बारीक केलेले असतात, खटका तोच. जोर आला की तो एक दात सुटतो आणि तुमची बोटं फूटरेस्टवर आदळतात. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर त्याची खूण आहे. त्यामुळं स्वस्तच घ्यायचा असेल तर कमी दातांचा घ्या. जाड दातांचं हँडल फिरवायला जरा राकट लागतं, पण धोका देत नाही.

ही झाली फिरवायची गोष्ट. सोडवायची गोष्ट वेगळी, आणि हार्डवेअरवाला नेमकी ती सांगत नाही. रॅचेट हे घट्ट नट सोडवायचं हत्यार नाही. नट आधी सैल करायचा, मग तो भरभर काढायला रॅचेट. मी हे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर शिकलो. जूनचा पहिला आठवडा, पेरणी तोंडावर, चाकाचे नट दोन वर्षांत कुणी हलवले नव्हते. मी नव्या अर्धा इंची रॅचेटवर बोअरचा जुना जीआय पाइप चढवला आणि लोंबकळलो. आतून फाट् असा आवाज आला आणि मी उताणा पडलो. नट जागचा हलला नव्हता. रॅचेट मात्र दोन्हीकडं मोकळं फिरत होतं. शेजारच्या शेतातले अण्णा बांधावरून बघत होते. ते म्हणाले, ‘रॅचेटला पाइप घालतेत का कुठं, येड्या? ते सोडायला नाही, फिरवायला हाय. एल घे.’ त्यांच्या पिकअपमध्ये अर्धा इंची एल हँडल पडलेलं होतं, अख्ख्या सळईचं, आत चक्र नाही, खटका नाही. त्याच पाइपनं, त्याच नटावर, दोन झटक्यांत काम झालं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: पहिल्यांदा गंज सोडवायचं तेल मारून तासभर थांबायचं, मग एल किंवा सरकता टी, नाहीतर सरळ रिंग पाना, आणि नट सैल झाला की रॅचेट. आवळताना उलटा क्रम, शेवटचा जोर कधीच रॅचेटनं नाही. तुमचे दहा-अकराचे पाने म्हणूनच फेकू नका. रिंग पान्याइतकं विश्वासाचं अजून काही निघालेलं नाही.

गोट्यांवर पैसे घाला म्हटलं, त्याचं कारण नटाचे कोपरे. गोटी आतून सहा कोनी असते किंवा बारा कोनी. बारा कोनी लवकर बसते, कारण दर ३० अंशाला तिला जागा मिळते, सहा कोनीला ६० अंशाला. पण बारा कोनी नटाच्या फक्त कोपऱ्यांना धरते. गंजलेला किंवा आधीच कुणीतरी फिक्स पान्यानं घासलेला नट असेल तर ती त्याचा पार गोळा करते. सहा कोनी सपाट बाजूंना धरते. रॅचेट असताना बारा कोनांचा तसा फायदाही उरत नाही, कारण गोटी काढून परत बसवायचीच नसते. पुष्कळ सेटमध्ये बारा कोनी घालतात, म्हणून दुकानात गोटी उलटी करून आत बघा, आणि सहा कोनी सुट्या मागा. सुट्या मिळतात, नुसतं विचारावं लागतं.

किती घ्यायच्या? स्प्लेंडरचं बहुतेक काम ८, १०, १२, १४, १७ वर होतं. ऑइल काढायचा बोल्ट १७ चा, प्लगला १६ चा लांब प्लग पाना. स्कूटरही जवळपास त्याच मापांत. जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिमी जाड बोल्टाला १२ चं डोकं असतं, आपल्याकडच्या बाकी यंत्रांत त्याच बोल्टाला १३ चं. म्हणून ट्रॅक्टर, कडबा कुट्टी, बोअरचं स्टार्टर यांना १३, १७, १९, २४ जादा लागतील. लांब गोटी फक्त दोन-तीन मापांत घ्या, सायलेन्सरच्या स्टडवर साध्या गोटीचं तोंड नटापर्यंत पोचत नाही.

कंपनीचं विचारलंत तर मी नाशिकच्या टपारियाच्या गोट्या वापरतो, नऊ वर्षांत एकही फाटलेली नाही. जालंधर-लुधियानाचा मालही पुष्कळ चांगला येतो, पण तिथलाच टाकाऊही येतो आणि चमक दोघांना सारखीच. गोटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’चा (चांगल्या पोलादाच्या जातीचा) शिक्का आहे एवढ्यावर जाऊ नका, शिक्का मारायला काही लागत नाही. मी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत खरेदीला जातो तेव्हा खिशात १०, १४ आणि १७ चा एकेक नवा बोल्ट असतो. गोटीत घालून हलवून बघायचं. खुळखुळत असेल तर परत ठेवायची. दुकानदार पहिल्यांदा हसला होता, आता स्वतःच काउंटरवर गोट्या ओळीनं मांडतो. एक मात्र लक्षात ठेवा, हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर चमकदार क्रोमच्या गोट्या लावू नका. त्या कडक असतात, तडकून तुकडा उडतो. त्याला काळ्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या वेगळ्या गोट्या येतात.

आपल्याकडची काळी माती रॅचेटची खरी वैरी. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडते आणि खटक्यापाशी जाऊन बसते. वर्षातून एकदा मागचे स्क्रू काढून डिझेलमध्ये धुवा आणि शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब टाका. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस भरू नका. माझ्या मेहुण्यानं भरलं होतं, डिसेंबरच्या पहाटे ते थिजलं, खटका वेळेवर परत येईना आणि हँडल भर जोरात निसटलं. बारीक दातांच्या रॅचेटला हे जास्त लागू.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय घेतलं असतं: ८ ते १४ साठी तीन सूत मापाचा छोटा सेट, लातूर-नांदेडला मिळाला तर. पाव इंचीपेक्षा भक्कम आणि अर्धा इंचीपेक्षा आवरता, घरच्या कामाला याच्यासारखं माप नाही, पण आपल्याकडची दुकानं ते ठेवत नाहीत. नाही मिळाला तर तो ४६ नगांचा डबा घ्या. १७ च्या पुढं अर्धा इंची सहा कोनी गोट्या सुट्या, एक एल हँडल, एक सहा इंची एक्स्टेन्शन. अर्धा इंची रॅचेट पुढच्या सोयाबीनच्या पट्टीवर.

ट्रॅक्टर कोणता ते तुम्ही लिहिलं नाही. महिंद्रा बी-२७५ सारखा जुना असेल तर त्यावर इंची बोल्ट भेटतील. तिथं १९ ची गोटी पाऊण इंचाला चालते, १६ ची पाच सुतीला चालते. पण अर्धा इंचाला १३ ची सैल पडते, आणि साडेचार सुतीचा नट १४ च्या गोटीत शिरत नाही, १५ च्या गोटीत फिरतो. त्या दोन मापांच्या गोट्या इंचीच घ्या, आणि त्यांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवा.