होस्टेलच्या खोलीत राहायला जाताना सोबत काय काय न्यावं?

पहिल्या फेरीत फक्त पहिल्या आठवड्यापुरतं सामान न्या: अंथरूण-पांघरूण, आठवडाभराचे कपडे, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड, औषधं आणि कागदपत्रं. बाकीचं खोली पाहून घ्या. मी चार वर्षं होस्टेलवर राहिलोय, आणि कपाट किती खोल आहे, प्लग पलंगापासून किती लांब आहे हे आत पाऊल टाकेपर्यंत कळत नाही.

ज्या वस्तू हमखास विसरतात आणि पहिल्याच रात्री लागतात, त्या या:

- कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या. एक किल्ली स्वतःजवळ, दुसरी विश्वासातल्या मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे. खोलीतच ठेवलेली जादा किल्ली काही कामाची नाही.
- स्वतंत्र बटणं आणि फ्यूज असलेला, लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड.
- बादली, मग, बाथरूमसाठी वेगळ्या रबरी चपला, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे.
- कानात घालायचे बोळे आणि छोटा टेबललॅम्प. खोलीतला जोडीदार आणि तुम्ही एकाच वेळी झोपाल असं नाही, आणि पहिली भांडणं बहुधा यावरूनच होतात.
- तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर. ताप नेमका रात्री चढतो.

इस्त्री, किटली, हीटर यांना बऱ्याच होस्टेलांत बंदी असते आणि तपासणीत त्या जप्तही होतात, म्हणून आधी नियमावली वाचा. गादी मिळते की स्वतःची न्यायची, हेही फोन करून विचारा.