वाटी, किलो आणि बिघडलेली भाजणी

प्रश्न : सासूबाईंच्या वहीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण असे आहे : तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, जाड पोहे १, धणे अर्धी आणि जिरे पाव वाटी. यंदा वाटी म्हणजे पाव किलो असे धरून मी एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो पोहे, सव्वाशे ग्रॅम धणे असे सगळे वजनावर घेतले. चकल्या तळताना मोडल्या आणि धण्यांची चव फारच पुढे आली. चूक कोठे झाली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाटी म्हणजे पाव किलो हा हिशेब पाण्याचा आहे. अडीचशे मिलिलिटरच्या वाटीत पाणी अडीचशे ग्रॅम भरते. त्याच वाटीत तांदूळ किंवा डाळी सपाट भरल्या, तर त्या साधारण दोनशे ग्रॅम होतात, जाड पोहे शंभरच्या आसपास आणि धणे, आतून पोकळ असल्यामुळे, जेमतेम ऐंशी. तांदूळ आणि डाळी वजनाला जवळपास सारख्याच असल्याने त्यांचे आपसांतले प्रमाण आपल्याकडून बिघडले नाही, परंतु एक किलो तांदळाला, म्हणजे पाच वाट्यांना, सव्वा वाटी पोहे हवे असताना अडीच वाट्या पडले आणि धणे तर दुपटीहून अधिक झाले. चकल्या मोडण्याला मोहन किंवा पीठ भिजवण्यातला फरकही कारण असू शकतो. चवीचा दोष मात्र धण्यांच्या वजनाचाच.

एक किलो तांदळाला हरभरा डाळ ५००, उडीद डाळ २५०, मूग डाळ १२५, पोहे १२५, धणे ५० आणि जिरे ३० ग्रॅम घ्यावेत.

हे आकडे अडीचशे मिलिलिटरच्या वाटीचे आहेत. आपल्या घरातील आमटीची वाटी बहुधा लहान असेल, आणि सासूबाई वाटी सपाट भरत होत्या की शीग लावून, हे वही सांगत नाही. त्यामुळे तीच वाटी काट्यावर ठेवून, काटा शून्यावर आणून, प्रत्येक जिन्नस एकदा भरून पाहावा आणि आलेला आकडा वहीतच समासात लिहावा. पीठ मोजताना अधिक जपावे लागते. चाळून हलक्या हाताने भरलेला वाटीभर मैदा १२० ग्रॅमच्या आसपास असतो, तोच दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. मोहनाचे प्रमाण भाजणीच्या वाटीवर दिलेले असते, तेव्हा तेथेही वाटी दर वेळी एकाच पद्धतीने भरावी.

वहीत आणखी जुनी पाने असतील आणि त्यांत शेर, मापटे, पायली असे शब्द आढळले, तर थोडे थांबावे. दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली हे कोष्टक धान्य मापून देण्याचे होते. शेर मात्र वजनाचाही असे. ऐंशी तोळ्यांचा तो शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, तरी कित्येक घरांतल्या वह्या पुढेही जुन्याच मापांत लिहिल्या गेल्या. तेलातुपापुढे शेर लिहिला असेल, तर तो कोणता हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे.

मीठ, ओवा, हिंग मात्र चमच्यानेच घ्यावेत. घरगुती काट्याला दोन-तीन ग्रॅमचा फरक नीट कळत नाही. त्यातही बारीक मीठ चमचाभर साधारण सहा ग्रॅम भरते आणि जाडे त्याहून कमी, म्हणून मीठ बदलले तर पीठ चाखून पाहावे.