प्रश्न तुमचे : ‘बाचेप्रोत’ म्हणजे गलका

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून रॉक बँड काढायचे म्हणतात आणि हिजाब घालून गिटार वाजवणाऱ्या इंडोनेशियातील तीन मुलींचे व्हिडिओ मला रोज दाखवतात. माझा विरोध नाही. मात्र या मुली एवढ्या पुढे कशा गेल्या, की हा सगळा चार दिवसांचा गाजावाजा आहे, हे आधी समजून घ्यावे असे वाटते.
— एक वडील, अमळनेर तालुका

उत्तर : आपल्या मुलीने दाखवलेला बँड ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा असणार. नावातला शेवटचा शब्द सुंदानी भाषेतला, म्हणजे पश्चिम जावातल्या लोकांच्या घरच्या बोलीतला आहे आणि त्याचा अर्थ गलका, कलकलाट असा होतो. (रोमन लिपीत तो ‘सी’ने लिहितात, म्हणून आपल्याकडची मुले ‘बासेप्रोत’ म्हणतात, तिकडे त्या अक्षराचा उच्चार ‘च’ असतो.) देशाची राजभाषा वेगळी असताना पाटीवर घरच्या बोलीतला शब्द लावणे म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बँडने जगभर अहिराणी नाव मिरवण्यासारखेच आहे.

चार दिवसांची शंका तारखांनीच फिटते. फिर्दा मार्स्या कुर्निया, विदी रहमावती आणि सिती आइशा या तिघींनी 2014 मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, गारुत जिल्ह्यातल्या सिंगाजाया या गावी वाजवायला सुरुवात केली आणि 28 जून 2024 रोजी त्या इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड ठरल्या. आपण पाहिलेला व्हिडिओ तीन मिनिटांचा असेल, परंतु त्याच्यामागे दहा वर्षांचा सराव आहे.

सुरुवात शाळेत झाली. इस्लामी पद्धतीच्या त्या शाळेत विद्यार्थ्यांचे समुपदेशन करणारे एर्सा नावाचे शिक्षक होते. त्यांच्या लॅपटॉपमध्ये ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ या अमेरिकी बँडची गाणी होती; ती या मुलींच्या कानावर पडली आणि हे आपल्यालाही वाजवायचे आहे असे त्यांनी ठरवले. यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभ्यास सोडून हे काय, असे म्हणून त्या गृहस्थांनी लॅपटॉप मिटला नाही. त्यांनी मुलींच्या हाती वाद्ये दिली, स्वतः शिकवले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गावातून विरोध झाला, धमक्या आल्या, घरच्यांनाही आधी हे पसंत नव्हते. तरीही तिघी वाजवत राहिल्या. मार्स्या गाते आणि गिटार वाजवते, विदी बास गिटार वाजवते आणि सिती ड्रम्स.

नामवंत बँडची गाणी स्वतःच्या ढंगात वाजवलेले त्यांचे व्हिडिओ देशाबाहेर पोहोचले. 2018 मध्ये शाळेच्या चाकोरीवर बोलणारे त्यांचे स्वतःचे पहिले गाणे आले, 2021 मध्ये युरोपचा दौरा झाला, 2022 मध्ये जर्मनीतल्या वाकेन या हेवी मेटलच्या, म्हणजे रॉकच्या अधिक जोरकस आणि कर्कश प्रकाराच्या, प्रसिद्ध जत्रेत त्यांना मंच मिळाला आणि 2023 मध्ये ‘रेतास’ हा पहिला अल्बम निघाला. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकी बँडचा गिटारवादक टॉम मोरेलो याने त्यांचे जाहीर कौतुक केले. योगायोग असा की त्यांच्या वाटचालीची ही दहा वर्षे ज्यांच्या कारकिर्दीत गेली ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः मेटलचे शौकीन आहेत, त्यामुळे त्या देशात हे संगीत परके राहिलेले नाही. कोपऱ्यातल्या गावात मुलींनी ते वाजवणे मात्र परके होते. परदेशी वृत्तपत्रे मथळ्यात हिजाब आधी घालतात आणि गाणे नंतर. आपण मुलीशी बोलताना हा क्रम उलटा ठेवावा, एवढे सुचवतो.

प्रश्न : मी वीस वर्षे गाणे शिकवते. माझ्या विद्यार्थिनी हे रॉक आणि मेटल संगीत ऐकतात तेव्हा मला केवळ खरखर आणि आरडाओरडा ऐकू येतो. यात ऐकण्यासारखे नेमके काय आहे?
— संगीत शिक्षिका, शहादा

उत्तर : बाई, आपल्याला ऐकू येणारी खरखर आपल्या घरातच आहे, फक्त तिला आपण जवारी म्हणतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जो झणत्कार मिळवतो, त्यात मूळ स्वराबरोबर त्याचे स्वयंभू स्वर उठून येतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हेच काम विजेकडून करून घेतात : अँप्लिफायरला झेपेल त्याहून जोराचा संकेत त्यात घातला की लहरींचे माथे छाटले जातात, आणि छाटलेल्या लहरीत मुळात नसलेले वरचे स्वर भरतात. याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. जवारी मोकळी लागणे आणि फाटणे यांत जसे धाग्याच्या केसभर सरकण्याचे अंतर असते, तसेच इथेही अँप्लिफायरवरच्या एका खुंटीच्या फिरकीचे असते, आणि ती खुंटी कुठे थांबवावी हे कानानेच कळते.

दुसरी गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा लवकर उमगेल. या संगीताचा पाया असलेल्या ‘पॉवर कॉर्ड’मध्ये (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले स्वर) षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात, गंधार मुद्दाम वगळलेला असतो. डिस्टॉर्शनमधून तीन स्वर एकत्र नेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून निर्माण होणारे स्वर एकमेकांवर आदळून चिखल होतो, तर षड्ज-पंचमाचे नाते एवढे सरळ आहे की ते त्या गदारोळातही टिकते. गंधार नसल्यामुळे तो कॉर्ड धड आनंदीही वाटत नाही आणि धड उदासही नाही. पुष्कळ बँड सर्वांत जाड तार एका पूर्ण स्वराने उतरवून घेतात, म्हणजे खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवे दाबून हा कॉर्ड निघतो आणि हात हवा तसा धावू शकतो.

एकदा फक्त विदीचा बास ऐका. अंगठ्याने तारेवर थाप मारायची आणि लगेच बोटाने दुसरी तार ओढून सोडायची, या पद्धतीमुळे तो बास जवळजवळ तालवाद्याचे काम करतो आणि सितीच्या ड्रम्सशी त्याची जुगलबंदी चालते. मार्स्याही सतत किंचाळत नाही; बऱ्याचदा ती शब्द तालावर फेकत बोलते. आवाज उंच आणि उघडा लावण्याबद्दल म्हणाल, तर कानबाईच्या जागरणाला आपल्या बायका रात्रभर कोणत्या पट्टीत गातात ते आठवावे. एवढे सांगून हेही कबूल करतो की या प्रकारातले बरेचसे संगीत मोठ्या आवाजाचे आणि कंटाळवाणे असते, आणि ते आवडले नाही तर त्यात आपला काही दोष नाही.

प्रश्न : आपल्या देशात असा मुलींचा बँड झाला का?
— बारावीतील विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : झाले आहेत, पण एक उदाहरण विसरू नये असे आहे. ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’च्या थोडेच आधी, 2012 मध्ये, काश्मीरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी ‘प्रगाश’ नावाचा रॉक बँड काढला. त्याच डिसेंबरात श्रीनगरच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले. त्यानंतर इंटरनेटवर शिवीगाळ आणि धमक्या सुरू झाल्या, मुख्य मुफ्तींनी त्यांचे गाणे धर्माविरुद्ध ठरवले आणि फेब्रुवारी 2013 मध्ये बँड बंद पडला. मुख्यमंत्र्यांनी त्यांची बाजू घेतली होती, तरी उपयोग झाला नाही. वय तेच, संख्या तीच, विरोधाची जातही तीच. सिंगाजायाच्या मुलींना रोज भेटणारा एक मनुष्य त्यांच्या बाजूला होता, आणि ही जागा मुख्यमंत्र्याच्या निवेदनाने भरून निघत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : आम्ही चौघी सहा महिन्यांपासून वाजवतो, पण ड्रम्स सुरू झाले की शेजारी दारात येतात. सराव कुठे करावा?
— एक मुलगी, चोपडा

उत्तर : शेजाऱ्यांवर रागावू नकोस. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबलची आहे, रात्रीची 45, आणि ड्रमसेट जवळून सहज 100 च्या वर जातो. तुमच्या कानांचाही विचार करा : 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, असे धरले जाते, मात्र दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. कानात बोळे घालूनच वाजवा, आणि सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधल्या धातूच्या थाळ्या, वाजवणारीने तर नक्कीच.

आठवडाभर ड्रम्सवर रबरी पॅड टाकून आणि गिटार हेडफोनला जोडून घरीच बसा. रविवारी पूर्ण आवाजात वाजवण्यासाठी जागा हवी, आणि ती खानदेशात मिळण्यासारखी आहे : कापसाचा हंगाम आटोपला की जिनिंगच्या शेड ओस पडतात. कुणाच्या वडिलांची किंवा काकांची ओळख काढा, शेडच्या मालकांना आधी एकदा बसवून दोन गाणी ऐकवा आणि मगच किल्ली मागा. भिंतींना जुन्या गाद्या टेकवल्या की सिंबलची झिणझिण बरीच शोषली जाते. बासची घरघर गाद्यांना जुमानत नाही, म्हणून त्याचा अँप जमिनीवर न ठेवता जाड फोमवर ठेवा.

आणखी एक. गेल्या वर्षी एका स्नेहसंमेलनात मी एका मुलीला बास वाजवताना पाहिले. तिच्या गिटारची वायर लग्नातल्या डीजेच्या मिक्सरला जोडलेली होती आणि मिक्सरवर बसलेला माणूस तिला न विचारता तिच्या आवाजाची खुंटी खाली ओढत होता. ती वाजवत राहिली, पण चौथ्या रांगेतही तिचा एक स्वर पोहोचला नाही. तुमच्यापैकी एकीने मिक्सर शिकून घ्यावा. आणि मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी वाजवू नका. उन्हाने तारा प्रसरण पावतात, सूर उतरतो आणि गाणे बसत नाही. सकाळी सात ते दहा ही वेळ बरी.