घरी पत्ते खेळताना कोणी चीटिंग करत असेल तर संबंध न बिघडवता ते कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी मित्र घरी रमीला जमतात, त्यातला एकजण पानं लपवतो असा तुम्हाला दाट संशय आहे, आणि तोंड उघडलं तर मैत्री तुटेल म्हणून तुम्ही गप्प आहात. बाकीचे म्हणतात, "जाऊ दे की, घरचाच तर खेळ आहे." मी उत्तर लिहायला बसले ते या एका वाक्यामुळे. सासरी मी ते पुष्कळ ऐकून घेतलंय.

माझं मत स्पष्ट आहे. घरातली लबाडी क्लबातल्या लबाडीपेक्षा वाईट. क्लबात माणूस सावध बसतो. घरात आपण पानं पालथी ठेवून निर्धास्त चहा आणायला उठतो. त्या भरवशाचा कोणी फायदा घेतला तर ती खोडी नव्हे.

आमचं घर बेळगावात, शहापूरला. गौरी जेवणाच्या रात्री भांडी आवरली की माडीवर सतरंजी पडते आणि मेंढीकोट, म्हणजे दश्श्या जिंकायचा जोड्यांचा खेळ, सुरू होतो. मला पत्ते वडिलांनी शिकवले. ते ब्रिज खेळायचे, आणि त्यांनी पहिली सवय लावली ती गेलेली पानं मोजायची. एका रंगाची तेरा पानं, कुठली गेली, कुठली कोणाकडे असणार, हे माझ्या डोक्यात आपोआप चालू असतं. थोरल्या भाऊजींना हे माहीत नव्हतं.

त्या रात्री मी आणि नणंद एका बाजूला, भाऊजी आणि त्यांचे मेहुणे दुसऱ्या बाजूला. हुकूम बदाम, म्हणजे चालू रंग हातात नसेल तरच बदाम मारायचा. सुरुवातीच्याच एका हाताला नणंदेने किल्वरचा एक्का टाकला, मेहुण्यांनी पंजी दिली, मी एक्क्यावर दश्शी सोडली. दश्शी घरात आल्यातच जमा होती. शेवटचं पान भाऊजींचं. त्यांनी बदामाची तिर्री मारली आणि चार पानांचा तो हात ओढला. मी विचारलं, "किल्वर नाही?" म्हणाले, "नाही गं." माझ्या हिशेबाने बरेच किल्वर अजून बाहेर होते, पण एखाद्याच्या वाट्याला एकही न येणं शक्य असतं, म्हणून मी बोलले नाही. डाव संपत आला, दोन-तीन पानं उरली, तेव्हा त्यांच्या हातातून किल्वरची सत्ती पडली. मी म्हटलं, "भाऊजी, थांबा. तुमचे हात उलटा." त्यांनी उलटले नाहीत, मी उलटले. एक्का, पंजी, दश्शी आणि त्यावर बदामाची तिर्री, सगळ्यांच्या समोर.

भाऊजी म्हणाले, "पान पानाला चिकटलं होतं. पावसाची हवा हाय की." सबब चांगली होती, कारण भाद्रपदात आमच्याकडे कागदी पानं खरोखर दमट होऊन चिकटतात. पण चिकटलेली सत्ती शेवटी सुटली, तेव्हा "अरे, चुकलं माझं" असं ते आपणहून म्हणाले नाहीत. ती त्यांनी हळूच सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी कशाला गं हे?" भाऊजी म्हणाले, "एवढं काय मनावर घेतीस? घरचाच खेळ हाय." पानं टाकून ते खाली निघून गेले. स्कोअर लिहायला माझा मुलगा बसला होता. हा डाव कोणाच्या नावावर लिहू, असं तो विचारत राहिला आणि कोणी त्याला उत्तर देईना. दुसऱ्या दिवशी घरभर एकच बोलणं होतं, हिने खेळ मोडला.

मी मोडला नाही. खेळ तिर्री पडली तेव्हाच मोडला होता. हेच भाऊजी भाजीबाजारात कांदे वजनाला थोडे कमी भरले तर गाडीवाल्याला सोडत नाहीत, तेव्हा त्यांना कोणी "जाऊ दे" म्हणत नाही. वय आणि नातं बघून नियम सैल करायचे असतील तर ते खेळाआधी सांगून करा, माझी हरकत नाही.

पुढच्या गणपतीला मी दोन गोष्टी केल्या आणि तुम्हीही त्याच करा. एक, प्लॅस्टिकचा नवा कॅट आणला. पान चिकटत नाही, कोपरे दुमडून खूण करता येत नाही, धुता येतो. दुसरी जास्त महत्त्वाची. पहिलं पान वाटायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवलं की रंग असून दिला नाही तर समोरच्या जोडीच्या नावावर कोट, म्हणजे सगळ्यात मोठी जीत, मग ते चुकून झालेलं असो की मुद्दाम. कारण विचारायचंच नाही. ब्रिजच्या नियमांतही रंग न देण्याची भरपाई हातांत मोजतात, खेळाडूची नियत तपासत नाहीत. कोणाला चोर म्हणायची वेळ येत नाही आणि सबबीला जागाही राहत नाही. संबंध सांभाळायचा मला माहीत असलेला हाच मार्ग. बाजूला घेऊन गोड शब्दांत समजावण्यावर माझा विश्वास नाही. त्यातून माणूस फक्त जास्त सावध होऊन लबाडी करतो.

तुमच्या रमीसाठी म्हणाल तर पिसणारा एक, कापणारा दुसरा. वाटताना कॅट खाली धरायचा, तळाचं पान कोणाला दिसता कामा नये. खेळाआधी प्रत्येकाने आपली तेरा पानं मोजायची, मधे कोणीही "मोजा" म्हणालं की मोजून दाखवायची. हात सतरंजीच्या वर, मांडीखाली काही नाही. आणि शो झाल्यावर हरलेल्याने पानं ढिगात ढकलून "माझे वीस" म्हणायचं नाही, मांडून दाखवायची, गुण दुसऱ्याने लिहायचे. माझ्या अनुभवात रमीतली निम्मी चोरी पानांत नसते, या गुण सांगण्यात असते.

"आपली माणसं असं करत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. 1965 साली ब्युनोस आयर्सला ब्रिजच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या नामांकित जोडीवर बोटांच्या खुणांचा आरोप झाला. 1975 साली बर्म्युडात भिडूंनी एकमेकांना बघू नये म्हणून टेबलावर पडदे लावले, तर तिथे टेबलाखालून पायाने खुणा केल्याचं प्रकरण निघालं आणि टेबलांखाली आडोसा करावा लागला. जगातले उत्तम खेळाडू पडद्याआड बसतात, त्यात त्यांना अपमान वाटत नाही. मग "पानं मोज" म्हटल्यावर तुमच्या मित्राला का वाटावा?

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. एकाच माणसाला सारखी चांगली पानं येतात एवढ्यावरून त्याच्यावर आळ घेऊ नका. आपण हातावर वरची पानं खाली टाकत पिसतो, त्यात मागच्या डावातली पानं गठ्ठ्याने एकत्र राहतात. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत घुसवत पिसला तरी बावन्न पानं नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. हातावर पिसून तर त्याहून कितीतरी जास्त. आधी पिसणं सुधारा, मग संशय घ्या. लहान मुलं खेळात असतील तर त्यांना आमचा कोटाचा नियम लावू नका, त्यांचा रंग खरंच चुकतो.

आणि तुम्ही पैसे लावत असाल तर ते बंद करा. 1967 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय, तीन पत्तीला नाही. पण त्याच निकालात हेही आहे की खेळातून जागावाला कमाई करत असेल तर गुन्हा होऊ शकतो. इथे 1963 चा कर्नाटक पोलीस कायदा लागतो, तेव्हा चहापाण्याच्या नावाखालीही घरात नाल, म्हणजे जागावाल्याचा वाटा, काढू नका. आमच्याकडे हरलेली जोडी सकाळी सगळ्यांना कुंदा आणते. भाऊजी आता खेळायला बसतात, आणि रंग नसला की न विचारता म्हणतात, "किल्वर नाही हं माझ्याकडे."